ईएन ३१ च्या पिना हार्डनिंगनंतर तडकल्या: चूक माझ्या लेथची की भट्टीची?

भोसरी_टर्नर (रविवार, रात्री ९.५०)

मंडळी, भोसरी एमआयडीसीत माझा बारका गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक सेकंडहँड सिलिंड्रिकल ग्राइंडर आणि माझ्यासकट चार माणसं. गेले दहा दिवस एका जॉबने डोकं उठवलंय. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

जॉब साधा. फिक्श्चरच्या लोकेटिंग पिना, ४० नग. ईएन ३१ (बेअरिंगचं पोलाद), व्यास ३२ मिलिमीटर, लांबी १४०, एका टोकाला ४० ची कॉलर आणि कॉलरच्या थोडं पुढे ६ चं आरपार भोक. ड्रॉइंगवर हीट ट्रीटमेंटबद्दल एकच ओळ, 'हार्डन, ५८ ते ६० एचआरसी' (रॉकवेल यंत्रावर मोजलेला कडकपणा). टर्निंग केलं, ग्राइंडिंगला तीन दशांश मिलिमीटर ठेवले आणि माल नेहमीच्या हार्डनिंगवाल्याकडे दिला, म्हणजे भट्टीत तापवून, तेलात बुडवून कडक करायला. परत आला तो दोन क्रेटमध्ये, निळ्यात २२ नग आणि हिरव्यात १८. चलनावर हार्डनेस ५९, ६०, ५९, ६०. मी स्वतः चार नग शेजारच्या गाळ्यातल्या रॉकवेलवर टेकवून पाहिले, बरोबर निघाले.

पाचवा नग ग्राइंडरवर असताना आमच्या पोराला भोकापाशी केस चिकटलेला दिसला. त्याने बोटाने पुसला. मग चिंधीने पुसला. मग मला हाक मारली. नखाने खरवडून पाहिलं तर नख अडकलं. केस नव्हता.

डाय पेनिट्रंटचे, म्हणजे बारीक तडे दाखवणाऱ्या रंगाचे, डबे आणले. लाल फवारा, थांबणं, पुसणं, मग पांढरा. चाळीसच्या चाळीस नग टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडले. चहा होईतो पांढऱ्यावर लाल रेघा उमटायला लागल्या. सात नग. प्रत्येक रेघ भोकातून निघून पिनेच्या लांबीने गेलेली, आणि दोघींनी तर कॉलरचा कोपरा गाठलेला.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. हार्डनिंगवाला म्हणतो मटेरियल खराब. मटेरियलवाला टेस्ट सर्टिफिकेट नाचवतो आणि म्हणतो हार्डनिंगवाल्याने जाळलं. गिऱ्हाईक म्हणतं ते तुमचं तुम्ही बघा, मला चाळीस मोजून द्या.

आता सभेकडे येतो. आमच्या इंजिनिअर मंडळाची दर महिन्याला एक सभा असते, शनिवारी संध्याकाळी सहाला, शिवाजीनगरला. खरं सांगायचं तर मी वर्षातून दोनदा जातो, तेही बटाटेवड्यासाठी. या वेळचा विषय 'हीट ट्रीटमेंट कुठे बिघडते' असा होता, म्हटलं देवानेच पाठवला. कासारवाडीला मेट्रो पकडली आणि पावणेसहाला हजर. पस्तीस-चाळीस माणसं, त्यात निम्मे निवृत्त, माझ्यासारखे तेलकट हातांचे पाच-सहा.

वक्ते सत्तरी ओलांडलेले, सगळी नोकरी फोर्जिंगच्या लॅबमध्ये गेलेली. प्रोजेक्टर लागेना, तर म्हणाले राहू द्या. पिशवीतून चार दाभणं काढली, गोधडी शिवतात ती. एक छोटा गॅस टॉर्च, एक लोहचुंबक आणि मंडळाच्याच स्टीलच्या पेल्यात पाणी. पहिलं दाभण लाल केलं आणि तसंच हवेत हळूहळू निवू दिलं. वाकवलं तर तारेसारखं वाकलं. दुसरं लाल केलं आणि पेल्यात बुडवलं. चुर्र. वाकवायला गेले तर कट्‌कन तुटलं, तुकडा पहिल्या रांगेतल्या एकांच्या मांडीवर. तिसरं तसंच बुडवलं, पॉलिश पेपरने चकचकीत केलं आणि ज्योतीपासून लांब धरून हळू शेकलं. आधी फिकट पिवळं, मग तपकिरी, मग जांभळट आणि शेवटी निळं. ते वाकवलं तर वाकलं आणि सोडल्यावर परत सरळ. चौथं लाल असताना चुंबक लावला, चिकटला नाही. जरा निवलं आणि टक्‌ करून चिकटलं. ७७० अंशांच्या वर लोखंडाचं चुंबकाशी जमत नाही म्हणे. टॉर्चच्या वासाने हॉलचा वॉचमन दोनदा डोकावून गेला.

मी वीस वर्षं माल हार्डनिंगला देतोय, पण ते तिसरं दाभण पाहीपर्यंत टेंपरिंग, म्हणजे बुडवून कडक झालेलं परत हळू शेकणं, नक्की काय हे मला डोळ्यांनी दिसलं नव्हतं. चलनावरचा एक शब्द होता, बस.

मग त्यांनी तेलाच्या टाकीत काय होतं ते सांगितलं. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच आटत नाही, नाचत राहतो. का, तर खाली वाफेची गादी. गरम जॉब टाकीत गेला की त्याच्याभोवती तशीच गादी तयार होते आणि तेवढा वेळ तो हळू निवतो. गादी फुटली की तेल अंगाला लागून उकळतं, तेव्हा सगळ्यात झपाट्याने उष्णता जाते. शेवटी उकळणं थांबतं आणि परत संथ. जिथे भोक, खाच, कोपरा, तिथे गादी आधी-नंतर फुटते, म्हणजे एकाच जॉबचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी आकुंचन पावतात. मार्टेन्स नावाच्या जर्मन माणसावरून बुडवून कडक झालेल्या पोलादाला मार्टेनसाइट आणि रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रजावरून लाल तापलेल्याला ऑस्टेनाइट म्हणतात, हेही सांगितलं. नावं लक्षात राहिली.

आणि मग म्हणाले, "हार्डनिंगवाल्याच्या नावाने शिमगा करण्याआधी स्वतःच्या लेथकडे बघा. तडा टाकीत दिसतो, पण जन्मतो लेथवर."

मला ते लागलं. कारण माझ्या कॉलरच्या मुळाशी कोपरा अगदी काटकोनात आहे, ड्रॉइंगवर रेडिअस (कोपऱ्याची गोलाई) नाही म्हणून मी दिला नाही. भोकाच्या कडेला चॅम्फरही (धार मोडणारा तिरका काप) नाही. हात वर केला, पण तेवढ्यात अध्यक्ष आभाराला उभे राहिले. आमच्याकडचं आभारप्रदर्शन व्याख्यानापेक्षा लांब असतं. ते संपलं तेव्हा वडे आले होते आणि वक्त्यांभोवती गराडा.

म्हणून इथे विचारतो. चूक माझ्या कोपऱ्याची असेल, तर चाळीसही नगांना तोच कोपरा आहे आणि तेच भोक. मग सातच का गेले आणि ३३ का वाचले? आणि तडा नेमका कधी पडला हे आता कळायला काही मार्ग आहे का?

चाकण_क्वालिटी (रविवार, रात्री १०.३५)

भोसरीकर, आधी ग्राइंडिंगवर संशय घ्या. ईएन ३१ ला चाक जरा जास्त लागलं, कूलंट कमी पडलं की वरचा थर जळतो आणि बारीक तडे येतात. नायटलने (अल्कोहोलमधलं पातळ नायट्रिक ॲसिड) एच करून बघा, जळलेली जागा काळपट दिसेल.

आणि पुढच्या वेळी ही पीन २० एमएनसीआर ५ या कमी कार्बनच्या पोलादात करून केस कार्बुरायझिंग, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवणं, का करत नाही? ९२५ अंशांच्या आसपास चार तासांत सव्वा मिलिमीटरचा तो थर बसतो, वरून ५८ ते ६० सहज, आतला गाभा चिवट राहतो. आम्ही असल्या पिना तशाच करतो.

भोसरी_टर्नर (रविवार, रात्री १०.५०)

दादा, ग्राइंडरवर फक्त पाच नग चढले होते. तडकलेल्या सातांपैकी एकच त्यातला, बाकी सहांना चाकाचा स्पर्शही नाही. आणि ग्राइंडिंगचे तडे बारीक आणि पुष्कळ, जाळीसारखे असतात असं ऐकलंय. हे एकेकटे आणि लांबीने गेलेत. मटेरियल बदलणं माझ्या हातात नाही, ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं.

सिमेंटाइट (सोमवार, सकाळी ७.१५)

दादा, मी मेटॅलर्जीवाली आहे, सध्या एका टेस्टिंग लॅबमध्ये. तडा कधी पडला हे कळतं. त्यासाठी तडा उघडावा लागतो.

तडकलेला एक नग घ्या. तड्याच्या विरुद्ध बाजूने कटिंग व्हीलने खाच मारा, तड्यापर्यंत पोचू नका. भरपूर कूलंट सोडा आणि घाई करू नका, नाहीतर तुमच्याच व्हीलच्या उष्णतेने आतला रंग बदलेल आणि पुरावा गेला. मग व्हाइसमध्ये धरून हातोडीचा एक दणका. तुटलेल्या तोंडावर दोन भाग दिसतील. आत्ता तुटलेला भाग ताजा, राखाडी, रेशमी असेल. जुन्या तड्याचा भाग वेगळा दिसेल, आणि तोच बघायचा.

तिथे जाड काळा पापुद्रा असेल तर तडा भट्टीत जाण्याआधीचा, म्हणजे बारमधलाच. मटेरियलवाल्याला पकडा. पापुद्रा नाही पण तेलाचा काळा डाग आत झिरपलेला असेल तर तडा टाकीत पडला, तेव्हा वक्त्यांचं म्हणणं बरोबर आणि कोपरा तुमचा. आत स्वच्छ पण तोंडाजवळ फिकट पिवळी झाक असेल तर तडा तेलातून बाहेर काढल्यानंतर, पण टेंपरिंगच्या आधी पडला. टेंपरिंगमध्ये हवा लागून ती झाक येते. आणि काहीच नाही, सगळं एकसारखं ताजं दिसलं, तर टेंपरिंगनंतरचा, मग चाकणवाल्यांचा संशय खरा.

ईएन ३१ म्हणजे बेअरिंगचं पोलाद, कार्बन १ टक्क्याच्या आसपास आणि तितकंच किंवा थोडं जास्त क्रोमियम. ते रागीट असतं, पण नीट वागवलं तर जगभरातल्या बेअरिंग त्याच्यावरच फिरतात. भोक आरपार असेल तर हार्डनिंगला देताना ते फायर क्लेने बुजवून द्यायला सांगा आणि दोन्ही कडांना चॅम्फर द्या. ड्रॉइंगवर नसलं तरी विचारून द्या, कुणी नाही म्हणत नाही.

कसबेकर (सोमवार, सकाळी ९.०५)

मला यातलं काही कळत नाही, पण लहानपण तांबट आळीच्या तोंडाशी गेलं. तिथला तांबट हंडा ठोकून ठोकून ताठ झाला की भट्टीत लाल करायचा आणि पाण्यात बुडवायचा. बुडवला की हंडा मऊ. तुमचं पोलाद त्याच पाण्यात बुडवलं की कडक. हा काय न्याय? कुणीतरी मला समजेल असं सांगा. टर्नरसाहेबांचा प्रश्न मोडत नाही, मध्येच डोकावलो.

निवृत्त_भट्टीवाला (सोमवार, सकाळी ११.२०)

आधी कसबेकरांचं, कारण त्यातच टर्नरचंही उत्तर आहे.

तांबं थंड असो, लाल असो, त्याच्या अणूंची मांडणी एकच, वितळेपर्यंत बदलत नाही. तांबट ठोकतो, मठारकाम करतो, त्याने ते ताठ होतं. लाल केलं की ताठपणा सुटतो. पाणी फक्त वेळ वाचवायला आणि वरची काळी पापडी उडवायला, हळू निववलं असतं तरी मऊच झालं असतं. लोखंडाचं तसं नाही. लोखंड तापलं की घर बदलतं. गरम घरात कार्बनला ऐसपैस जागा असते, थंड घरात जवळजवळ नसतेच. हळू निववलं तर कार्बन आपलं बाडबिस्तर घेऊन बाहेर पडतो. एकदम बुडवलं तर त्याला निघायला वेळच मिळत नाही, दार लागतं आणि तो आत. भिंती फुगतात. ते फुगलेलं, ताणलेलं घर म्हणजे मार्टेनसाइट. कडक, आणि काचेसारखं.

आता टर्नर, तुम्हाला एकच विचारतो. माल कुठल्या वारी दिला होता आणि कुठल्या वारी आला?

तुम्ही सगळं लिहिलंत, मिलिमीटरसकट, पण वार लिहिला नाही. माझी ३१ वर्षं भट्टीसमोर गेली, त्यातली बरीचशी भोसरी-पिंपरीत, आणि मला पहिला संशय वाराचाच येतो. कारण सांगतो.

ईएन ३१ तुम्ही ८२० ते ८४० अंशांवरून तेलात सोडलंत, तर त्याचं मार्टेनसाइट व्हायला सुरुवात होते २०० च्या आसपास, आणि ते पुरतं व्हायला खोलीच्या तापमानाच्याही खाली जावं लागतं. म्हणजे टाकीतून काढलेल्या पिनेत थोडं ऑस्टेनाइट, तेच गरम घर, न बदलता शिल्लक असतं. ते गप्प बसत नाही. पीन जितकी निवेल तितकं त्यातलं आणखी थोडं थोडं मार्टेनसाइट होत राहतं. आणि मार्टेनसाइट झालं की आकारमान वाढतं, या बदलात सुमारे ४ टक्के. बाहेरचं कवच आधीच कडक होऊन बसलंय, आतून कुणीतरी फुगतंय. गेल्या आठवड्यात पहाटे थंडी किती होती ते आठवा. बाकी ताण तुमच्या काटकोनी कोपऱ्यात आणि भोकाच्या कडेला जमा होतो.

म्हणून नियम असा की जॉब तेलातून ६०-७० अंशांवर काढायचा, हातात धरवेल न धरवेल इतका गरम, आणि पुसून-धुऊन लगेच टेंपरिंगच्या भट्टीत. 'उद्या बघू' चालत नाही. टेंपरिंगने तो ताण सैल होतो, कडकपणा काही अंकांनी उतरतो, पण पीन जगते.

माझी स्वतःची फजिती सांगतो. नवीन होतो. एचसीएचसीआरच्या (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं पोलाद) डाय रात्रपाळीला हार्डन केल्या, टेंपरिंगची भट्टी दुसऱ्या मालाने भरलेली होती, म्हणून डाय स्टोअरच्या फरशीवर ओळीने ठेवल्या आणि शेजारी डबा खायला बसलो. पोळीचा दुसरा घास तोंडात आणि मागून 'टण्ण'. वाटलं कुणी पाना टाकला. थोड्या वेळाने परत 'टण्ण'. उठून पाहिलं तर आजूबाजूला कुणी नाही, आणि सगळ्यात मोठी डाय मधोमध उभी चिरलेली. हात लावला तर गारठलेली. त्या रात्रीनंतर मी डबा टेंपरिंग झाल्यावरच उघडला.

तर वार सांगा. बुधवार असेल तर पुढचं मीच सांगतो.

कसबेकर (सोमवार, दुपारी १२.१०)

आभारी आहे. माझ्या बायकोचं म्हणणं, नुसता पिनेचा नाही, पिनावाल्याचाही टेंपर वेळेवर उतरवावा लागतो.

भोसरी_टर्नर (सोमवार, दुपारी १.४०)

काका, चलन समोर धरूनच लिहितोय. दिला बुधवारी दुपारी तीनला. आला शुक्रवारी संध्याकाळी.

पुण्याबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. रविवारी भोसरी गजबजलेली, गुरुवारी चिटपाखरू नाही.

हे वाचल्यावर मी सात नग परत पाहिले. आम्ही पेनिट्रंट मारताना कुठल्या क्रेटमधला नग ते खडूने लिहून ठेवलं होतं, तेही मी नाही, त्या पोराने. सातही नग हिरव्या क्रेटमधले. निळ्यातला एकही नाही.

उद्या दोन नग फोडतो आणि हार्डनिंगवाल्याकडे स्वतः जातो. फोनवर असल्या गोष्टी होत नाहीत.

भोसरी_टर्नर (बुधवार, रात्री ९.१५)

उशीर झाला, पण आता सगळं हातात आहे.

सिमेंटाइट ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. कूलंटचा नळ पूर्ण सोडून, पोराला म्हटलं वेळ लागू दे. दणका मारल्यावर पीन दोन फाक झाली. ताजा भाग राखाडी, बारीक दाण्याचा. भोकाकडचा भाग वेगळा, आणि अगदी तोंडाशी भाजणीच्या पिठासारखा पिवळट रंग. तेलाचा डाग नाही. काळा पापुद्रा नाही. दुसरा नग फोडला, तेच. मोबाइलवर फोटोत तो रंग धड येत नाही, उन्हात तिरकं धरून पाहावं लागतं.

ते दोन तुकडे रुमालात गुंडाळून हार्डनिंगवाल्याकडे गेलो. मालक आधी मटेरियलचंच तुणतुणं वाजवत होते. मी तुकडे टेबलावर ठेवले आणि एवढंच विचारलं, "दोन लॉट केले होते का?" ते गप्प. भट्टीवरच्या मुलाला बोलावलं. त्याने वही आणली, तीही तेलाने अर्धी पारदर्शक झालेली. पहिला लॉट २२ नग, बुधवारी रात्री साडेआठला तेलात, दहाला टेंपरिंगला. दुसरा लॉट १८ नग, रात्री साडेअकराला तेलात. पुढचा रकाना कोरा, आणि खाली शुक्रवार, सकाळी साडेनऊ. म्हणजे ३४ तास.

मुलाची चूक म्हणवत नाही. त्याची पाळी संपली होती, शेवटची बस गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की लगेच करायचं असतं. म्हणाला, "साहेब, हार्डनेस तर बरोबर येतो ना." हेच तर झालं. टेंपरिंग रात्री केलं काय आणि परवा केलं काय, रॉकवेलची सुई एकाच आकड्यावर. यंत्राला उशीर मोजता येत नाही, आणि मी वीस वर्षं चलनावरचा तो एकच आकडा बघून माल आत घेतोय.

मालक शेवटी म्हणाले, सात नगांचं हार्डनिंग फुकट करून देतो, मटेरियल तुमचं. मी मान्य केलं. अर्धा दोष माझ्या कोपऱ्याचा होता. निळ्या क्रेटमधले त्याच कोपऱ्यानिशी वाचले, पण काठावर वाचले असावेत असं आता वाटतं. गिऱ्हाइकाला फोन करून कॉलरच्या मुळाशी दीड मिलिमीटर रेडिअस आणि भोकाला दोन्हीकडे चॅम्फर मागितला. दोन मिनिटांत 'हो' आलं. हे मी जॉब घेतानाच विचारू शकत होतो.

नवीन सात नग काल संध्याकाळी दिले, भोकं फायर क्लेने बुजवून. चलनावर हाताने लिहिलं: तेलातून काढल्यावर त्याच पाळीत टेंपरिंग, वेळ वहीत लिहावी. मुलाने आज मला न विचारता वहीचं पान फोटो काढून पाठवलं. तेलात १.१०, टेंपरिंगला १.५०. संध्याकाळी पेनिट्रंट मारलं, सातही पांढरे.

आता काका, एक शेवटचं. हिरव्या क्रेटमधले ११ नग उरलेत, ज्यांच्यावर रेघ आली नाही. तेही ३४ तास तसेच पडले होते. ते देऊ का गिऱ्हाइकाला?

चाकण_क्वालिटी (बुधवार, रात्री ९.४०)

माझा ग्राइंडिंगचा अंदाज चुकला, मान्य. ११ नग मी असतो तर स्क्रॅप केले असते.

निवृत्त_भट्टीवाला (गुरुवार, सकाळी ८.३०)

चाकणवाल्यांना कंपनी पगार देते, तुम्हाला तुमचा गाळा. त्यामुळे जरा सबुरीने.

जो नग ३४ तास टिकला आणि मग टेंपरिंगमधून गेला, त्यातला ताण आता बराच उतरलाय. उशिराचं टेंपरिंग तडा भरून काढत नाही, पण न तडकलेल्याला नंतर वाईटही करत नाही. मात्र पेनिट्रंटला पृष्ठभागापर्यंत आलेलाच तडा दिसतो. तेव्हा अकराही नग ग्राइंड करा, हलक्या हाताने, आणि पुन्हा पेनिट्रंट मारा. भोकाच्या आतल्या कडा विसरू नका, तिथे फवारा नीट पोचत नाही. एकावर जरी रेघ आली तर अकराही बाजूला काढा. नाही आली तर द्या, पण गिऱ्हाइकाला सांगून द्या. ते फिक्श्चर एखाद्या प्रेसवर बसणार असेल आणि पिनेवर दणके पडणार असतील तर मात्र मीही चाकणवाल्यांच्या बाजूने.

फोडलेले दोन तुकडे टाकू नका. एक मला हवाय, घरी नातू इंजिनिअरिंगला आहे, त्याला पुस्तकात फक्त आलेख दिसतात. पुढच्या महिन्याच्या सभेला घेऊन या. मी तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसतो. त्या दिवशीही तिथेच होतो, दाभणाचा तुकडा उडाला तेव्हा.

भोसरी_टर्नर (गुरुवार, सकाळी ९.००)

आणतो काका. आज सुट्टीच आहे, अकरा नग ग्राइंडरवर चढवतोय.